तबकडीची जवारी

साताऱ्या-सांगलीकडे 'डीजे' म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, मागे धडधडणारा जनरेटर, आणि मिरवणूक गल्लीत शिरली की घराघरात मांडणीवर थरथरणारी भांडी. या सगळ्या दणदणाटात एकच वस्तू कुठे दिसत नाही, ती म्हणजे रेकॉर्ड फिरवणारं टर्नटेबल! ज्या यंत्राने डीजे नावाची जमात जन्माला घातली, ते आपल्याकडच्या बहुतेक डीजेंनी हातात धरलेलंही नसतं. चालायचंच.

आज लिहायचंय ते या मूळ यंत्राबद्दल. मी आठवडाभर पुण्यात कोड लिहितो आणि जमेल त्या वीकेंडला कोयनानगरला घरी पळतो. माझी दोन टर्नटेबल्स तिथेच आहेत. पुण्यातल्या फ्लॅटच्या भिंती इतक्या पातळ की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आम्हीच मोजतो. तिथे दोन गाण्यांचे ठेके जुळवायचा रियाज म्हणजे सोसायटीच्या मीटिंगला आयता विषय. कोयनेत माझी स्पर्धा फक्त पावसाशी आहे, आणि जुलैमध्ये त्यात मी दरवर्षी हरतो.

तर मुद्दा. गेल्या काही वर्षांत आपल्या वयाच्या मंडळींमध्ये रेकॉर्डचं प्रेम परत उफाळून आलंय. चांगलंच आहे. पण होतं असं की ऑनलाइन एक देखणी सुटकेस मागवली जाते, झाकण उघडलं की आत प्लेअर. मग गावाकडून वडिलांच्या किंवा आजोबांच्या रेकॉर्ड्सची पेटी आणली जाते. फोटो निघतो, चहाचा कप शेजारी ठेवला जातो आणि सुई खाली टेकते. यातल्या बऱ्याच सुटकेसमध्ये आर्मचं वजन बदलायची सोयच नसते. सिरॅमिक काडतूस असतं आणि ते पाच-सहा ग्रॅमचा भार रेकॉर्डवर टाकतं. आजच्या चांगल्या काडतुसाला दोन ग्रॅम पुरतात. म्हणजे आजोबांच्या गीतरामायणावर आपण नांगर चालवत असतो, आणि वर म्हणतो, "काय ते विंटेज फील!"

माझं म्हणणं सरळ आहे. टर्नटेबल दुकानातून घरी येतं तेव्हा ते पूर्ण झालेलं नसतं. शेवटचं काम वापरणाऱ्याने आपल्या घरात, आपल्या टेबलावर, आपल्या कानाने करायचं असतं. ते शिकायची तयारी नसेल तर टर्नटेबल घेऊ नका, गाणी फोनवर ऐका. कारण फोनवरचं गाणं हजार वेळा ऐकून झिजत नाही. रेकॉर्डची खाच एकदा खरवडली गेली की संपलं. अनडू नाही, बॅकअप नाही.

ही कल्पना आपल्याला परकी वाटायचं खरं तर काही कारण नाही. कोयना ज्या कृष्णेला कराडात मिळते तिच्या काठाने खाली गेलं की सांगली, आणि सांगलीला खेटून मिरज. मिरजेचे तंबोरे आणि सतारी गेली दीडेकशे वर्षं देशभर जातात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचा खरा आवाज असतो त्याच्या जवारीत. घोडीचा पृष्ठभाग कारागीर असा घासतो की तार त्याला निसटता स्पर्श करत राहते आणि तो गुंजणारा, भरलेला नाद निघतो. पण कारागिराने कितीही उत्तम घासलं तरी तारेखाली सुताचा एक धागा असतो, आणि तो केसभर मागेपुढे सरकवून नाद उघडायचं काम वाजवणाऱ्याचं. प्रत्येक बैठकीत, प्रत्येक वेळी. तंबोरा नवा आहे म्हणून कुणी धागा सोडून देत नाही. टर्नटेबलचंही अगदी तसंच आहे, त्याचीही जवारी लावावी लागते.

थोडा इतिहास. घराघरातली जुनी टर्नटेबल्स रबरी पट्ट्यावर किंवा रबरी चाकावर चालायची. मात्सुशिताने (म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने) १९७० च्या सुमारास मोटर थेट थाळीखालीच बसवली, पट्टा काढूनच टाकला. १९७२ मध्ये त्याच कल्पनेवर टेक्निक्स एसएल-१२०० आलं. गंमत म्हणजे ते बनवलं होतं घरी शांतपणे गाणी ऐकणाऱ्यांसाठी! पण न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३ पासून पार्ट्यांमध्ये एकाच गाण्याचा ठेक्याचा तुकडा दोन रेकॉर्ड्सवर आलटून पालटून वाजवायचं खूळ सुरू झालं. त्याला थाळी हाताने मागे ओढली तरी न कुरकुरणारी, सोडली की झटक्यात वेग घेणारी मोटर हवी होती. १९७९ च्या सुमारास आलेलं मार्क टू मॉडेल ०.७ सेकंदात पूर्ण वेग घेतं आणि त्याच्या उजव्या बाजूला वेग ८ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करणारी पट्टी आहे. झालं, डीजेंनी ते पळवलं. २०१० मध्ये उत्पादन बंद झालं, २०१६ मध्ये परत सुरू झालं. आजही सेकंडहँड बाजारात सगळ्यांची नजर त्याच्यावरच असते. (घेणार असाल तर मागची पट्टी वाचा. जपानमधून आलेलं मशीन १०० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टला तसंच लावलंत तर धूर निघेल, संगीत नाही.)

आता कामाचं. पाच गोष्टी, एक दुपार.

पहिली, जागा. कोयनेत सुई उडाली की पहिला संशय भूकंपावर जातो. साहजिक आहे. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट ज्या घरांनी बघितली त्या घरांत कपबशी किणकिणली तरी माणसं एकमेकांकडे बघतात, आणि बारीकसारीक धक्के अजूनही बसतात. पण दहापैकी नऊ वेळा गुन्हेगार आपलंच डुगडुगणारं टेबल असतं. जड बैठक हवी. मी कडप्प्याची लादी वापरतो, स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेली. तिच्यावर गवंड्याची पाणसळ ठेवा, एकदा आडवी, एकदा उभी, आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत टर्नटेबलचे पाय फिरवा. स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नका. नाहीतर स्पीकर टेबल हलवतो, टेबल सुई हलवतं, सुई परत स्पीकरला तेच पाठवते. ज्यांनी कधी चुकून अनंत रिकर्शन लिहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

दुसरी, वजन. आर्मच्या मागचं गोल वजन फिरवत जा, आर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत. तो शून्य. वजनावरची आकड्यांची चकती शून्यावर आणा, आणि मग काडतुसाच्या कागदावर लिहिले असतील तेवढे ग्रॅम द्या. घरच्या ऐकण्याच्या काडतुसाला साधारण दोन, डीजेच्या काडतुसाला तीन-चार. चकतीवर आंधळा विश्वास नको. सोनाराच्या काट्यासारखे छोटे डिजिटल काटे काही शे रुपयांत मिळतात, त्यावर सुई टेकवून खात्री करा. आणि एक गैरसमज काढून टाका : कमी वजन म्हणजे रेकॉर्डची जास्त काळजी, असं नाही. वजन कमी पडलं तर सुई खाचेत नीट बसत नाही, उड्या मारते आणि दोन्ही भिंतींवर आपटते. त्यानेही रेकॉर्ड मरते. बरोबर म्हणजे बरोबर, हलकं म्हणजे बरोबर नव्हे.

तिसरी, काडतुसाची जागा. आर्म एका खिळ्याभोवती फिरतो, त्यामुळे सुईचा कोन रेकॉर्डच्या कडेपासून मध्यापर्यंत बदलत जातो. तो फरक कमीत कमी राहील अशी एकच जागा असते. एसएल-१२०० मध्ये सुईचं टोक हेडशेलच्या मागच्या जोडापासून ५२ मिलिमीटरवर हवं. दोन बारीक स्क्रू, एक पट्टी, एक चांगला दिवा आणि चष्मा. हे जमलं नाही तर शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फुसफुसायला लागतात आणि आपण उगाच गायिकेला दोष देतो.

चौथी, सुई. हिऱ्याची असली तरी झिजते. साध्या शंकूच्या टोकाची सुई ५०० तासांच्या आसपास बदलावी, लंबवर्तुळाकार टोकाची ३०० च्या आसपास. रोज एक एलपी ऐकलीत तर शंकूवाली दोन वर्षं आरामात. ब्रश नेहमी मागून पुढे, आडवा कधीच नाही. आणि ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्या, म्हणजे बालगंधर्व, अब्दुल करीम खाँसाहेब वगैरे, एलपीच्या सुईने वाजवू नका. त्यांची खाच साधारण चौपट रुंद सुईसाठी आहे. एलपीची सुई तिच्या तळाशी जाऊन नुसता कचरा उकरते.

पाचवी, वेग. इथे थोडं थांबतो, कारण हा विषय आमच्या घरचा आहे.

जुन्या घरगुती टर्नटेबलचा वेग तपासायला कागदी चकती मिळते, कडेला काळ्या रेघा. ३३⅓ साठी १८० रेघा. का? आपली वीज ५० हर्ट्झची. स्विचबोर्डवरचा तो छोटा लाल निऑन दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो. थाळी मिनिटाला ३३⅓ फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. तेवढ्यात दिवा १८० वेळा लुकलुकतो. वेग बरोबर असेल तर दर लुकलुकीला पुढची रेघ आधीच्या रेघेच्या जागी आलेली असते, आणि रेघा गोठल्यासारख्या स्थिर दिसतात. खोलीत अंधार करायचा आणि निऑनच्या उजेडात बघायचं. नव्या एलईडी बल्बचा भरवसा नाही, बरेचसे असे लुकलुकतच नाहीत.

आता यातली ग्यानबाची मेख. जुन्या सिंक्रोनस मोटरचा वेगही त्याच ५० हर्ट्झवर ठरतो. २००० च्या दशकातले भारनियमनाचे दिवस आठवा. तेव्हा ग्रिडची फ्रीक्वेन्सी ४९ च्या आसपास घसरणं काही नवीन नव्हतं. ४९ म्हणजे २ टक्के कमी. मोटर २ टक्के हळू, आणि दिवासुद्धा २ टक्के हळू! रेघा बिचाऱ्या स्थिर. चकती म्हणते, सगळं ठीक आहे. आणि गाणं मात्र अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं उतरलेलं. शेजारी पेटी घेऊन बसलेल्या माणसालाच ते कळणार, की काळी चारची पट्टी काळी चारवर नाही. ज्याने कोड लिहिला त्यानेच टेस्ट लिहिली तर टेस्ट पास होणारच. आपल्या धंद्यात हा धडा सगळ्यांनी कधी ना कधी शिकलेला असतो.

बाबा पोफळीच्या पॉवर हाऊसमध्ये होते. कुंभार्ली घाट उतरून जायचं आणि डोंगराच्या पोटात शिफ्ट करायची. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट, आणि तिचं खरं मोल आकड्यापेक्षा तत्परतेत आहे. कोळशाचं केंद्र तापायला तास तास घेतं, पाण्याची टर्बाइन्स मिनिटांत भार उचलतात. संध्याकाळी सगळा महाराष्ट्र एकदम दिवे लावतो तेव्हा फ्रीक्वेन्सी खाली बसू नये म्हणून जे धावतात त्यात कोयना असते. शिवसागरचं पाणी अमर्याद नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिली, म्हणून ते जपून, नेमक्या वेळी वापरायचं. बाबांना विचारलं की ते एवढंच म्हणतात, "अरे, पन्नास म्हणजे पन्नास. त्या काट्याकडे बघत बसण्याचाच पगार होता आम्हाला."

आज ग्रिडसाठी ४९.९० ते ५०.०५ हा पट्टा ठरलेला आहे आणि फ्रीक्वेन्सी बराच वेळ त्यात राहते. म्हणजे चूक फार तर ०.२ टक्के, कानाला कळणारच नाही. थोडक्यात, विजेने आपल्या बाजूची जवारी लावलेली आहे. आता गाणं उतरलेलं वाटलं तर एमएसईबीच्या नावाने शंख करायची सोय राहिली नाही. पट्टा सैल झालाय का, तेल सुकलंय का, हे आपण बघायचं.

टेक्निक्समध्ये वेग क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतो, विजेच्या फ्रीक्वेन्सीशी संबंध नाही. थाळीच्या कडेला ठिपके असतात, पट्टी शून्यावर असताना मोठ्या ठिपक्यांची ओळ स्थिर दिसली पाहिजे. पण तिथेही दिवा आणि मोटर एकाच स्फटिकाचं ऐकतात. म्हणून एक तपासणी अशी हवी जी कुणाचंच ऐकत नाही. ती फुकट आहे. थाळीच्या कडेला कागदाची चिठी लावा, जुनी रेकॉर्ड ठेवा, सुई टेकवा (भार असतानाचा वेग खरा), आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावून १०० फेरे मोजा. ३३⅓ असेल तर बरोबर तीन मिनिटं, १८० सेकंद. २ टक्के हळू असेल तर १८३ च्या वर. शंभर फेरे मोजणं कंटाळवाणं आहे, मान्य. पण डेली स्टँडअपपेक्षा लवकर संपतं.

राहिली देखभाल. कोयनानगरला वर्षाला पाचेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाळ्यात बातम्यांमध्ये 'कोयना, नवजा, महाबळेश्वर' हे त्रिकूट रोज ऐकता ना, त्यातलंच आमचं गाव. इथे चपलांना बुरशी येते, तर रेकॉर्डची काय कथा. जूनपूर्वी सगळ्या रेकॉर्ड्स कव्हरमधून काढून बघायच्या, आतले ओलसर कागद फेकून द्यायचे, रेकॉर्ड्स उभ्या ठेवायच्या, एकावर एक कधीच नाही. हेडशेलच्या मागचे चार पितळी टोक काळवंडतात आणि मग एक बाजू मुकी होते. लोक लगेच ॲम्प्लिफायर उघडतात. आधी हेडशेल काढा आणि ती टोकं स्वच्छ पुसा. वेगाच्या पट्टीत धूळ जाऊन ती मध्येच अडखळायला लागली तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा. घूं घूं आवाज येत असेल तर अर्थिंगची बारीक वायर सुटलीय का बघा. आणि मार्क टूच्या मोटरला दर २००० तासांनी दोन-तीन थेंब तेल. दोन-तीनच. फोडणी नाही द्यायची.

रियाज आणि जपणूक एकाच मशीनवर करणाऱ्यांसाठी शेवटची टीप. दोन हेडशेल ठेवा. एकात डीजेचं दणकट काडतूस, एकात ऐकण्याचं नाजूक. बदललं की वजन परत शून्यापासून लावा, आधीच्या आकड्यावर जाऊ नका. थाळी उलटी ओढायची, स्क्रॅच करायचं, ते त्यासाठी घेतलेल्या रेकॉर्डवर. वडिलांच्या रेकॉर्डवर नाही. एका संध्याकाळच्या मजेसाठी तीस-चाळीस वर्षं जपलेली खाच घालवायचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही.

यावर मित्रांचे दोन आक्षेप ठरलेले असतात. पहिला : एवढा वेळ कुणाकडे आहे? अरे, नवीन फोनमध्ये ॲप्स लावण्यात यापेक्षा जास्त वेळ जातो. ही एक दुपार पुढची काही वर्षं पुरते. दुसरा : त्यापेक्षा महागडं मशीन घेऊ ना! घ्या. पण लाखाचं टर्नटेबल वाकडं लावलंत तर ते लाखाच्या थाटात रेकॉर्ड खरवडेल. मध्यम किमतीचं, नीट लावलेलं मशीन त्याहून चांगलं वाजतं, हे मी कानाने ऐकून सांगतोय. तंबोऱ्याच्या किमतीने जवारी लागत नाही.

खरी गोष्ट अशी की आपल्या घरातल्या जवळजवळ सगळ्या यंत्रांनी आपल्याला हात लावायची बंदी केलीय. सगळं सीलबंद, रात्री झोपेत अपडेट होणारं. बिघडलं की फेका, नवीन आणा. टर्नटेबल हे उरलेल्या थोड्या यंत्रांपैकी एक आहे, जे आपल्याला विचारतं, 'बाबा रे, मी कसं वाजू?' याचं उत्तर ग्रॅममध्ये, मिलिमीटरमध्ये आणि सेकंदांमध्ये द्यायचं असतं. ते द्यायला शिकलं की आजोबांची पेटी उघडायचा हक्क आपोआप येतो. तोपर्यंत ती पेटी बंदच बरी.

असो. उद्या रविवार आहे. पाणसळ नसेल तर शेजारी कुणाचं बांधकाम चालू असेल तिथून मागून आणा. गवंडी देतात, फक्त परत करा.